तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी आमच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर तीन आठवडे उलटले तरी मुरुडच्या आमच्या आळीत वीज नव्हती. मोबाइलला मात्र अधूनमधून रेंज येऊ लागली होती, आणि नातू शेजाऱ्यांच्या जनरेटरवर माझा फोन चार्ज करून आणायचा. अशाच एका दुपारी वाडीत आडव्या पडलेल्या पोफळीच्या खोडावर बसून मी एका मदत क्रमांकावर फोन लावला. मराठीसाठी दोन दाबलं, तक्रारीसाठी चार दाबलं, मग बराच वेळ सनईसारखं काहीतरी ऐकलं. शेवटी एक मुलगी बोलली.

"सर, तुमचा अर्ज स्क्रीनवर दिसतोय का?"

"नाही बेटा. मी वाडीत आहे."

"मग सर, एकदा कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा आणि पेज रिफ्रेश करा."

"अगं, तीन आठवडे सगळं गावच बंद आहे. चालू कसं करायचं ते तू सांग."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "सर, मी तुमची अडचण समजू शकते." हे वाक्य तिला लिहून दिलेलं होतं हे मला कळत होतं. ते मला कळलंय हे तिलाही कळलं असावं, कारण आम्ही दोघंही थोडं हसलो.

अडचण अशी होती. वाडीतली नारळ-पोफळीची झाडं वादळात गेली. पंचनामा झाला. मदत मिळणार होती, पण ती सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. सातबारावर नाव अब्बांचं, आणि अब्बा २०११ साली अल्लाहला प्यारे झाले. तेव्हाच वारस नोंद करून घ्यायला हवी होती, हा आमचा आळस, तो मान्य. आता ऑनलाइन अर्ज भरला तर तो पुढे सरकेना. एका कागदावर 'दाऊद हुसेन', दुसऱ्यावर 'दाउद हूसेन', मृत्यूच्या दाखल्यावर 'मो. दाऊद हुसैन', आणि एका ओळखपत्रावर चक्क 'डाऊड हुसैन'. यंत्राच्या हिशेबी ही चार माणसं. शिवाय पडताळणीचा ओटीपी जात होता अब्बांच्या जुन्या नंबरवर.

"सर, ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडे फोन द्याल का?"

"ते वारले, बेटा. म्हणूनच तर वारस नोंद."

"ओके सर. मग ते उपलब्ध झाल्यावर पुन्हा कॉल करा."

बोलून गेल्यावर तिलाच ते उमगलं. "सॉरी सर," ती म्हणाली आणि तिनं मला होल्डवर टाकलं. मी मुरुडमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवला. होल्डवर बसलेल्या इतिहासाच्या मास्तराच्या डोक्यात दुसरं काय येणार? आपल्या मुलखात बिघडलेल्या यंत्राची तक्रार नेमकी कधीपासून सुरू झाली, आणि ती कोण ऐकत आलं, हे मी आठवू लागलो.

आपल्याकडचा पहिला मोठा स्वदेशी संगणक मुंबईतला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो बांधला गेला आणि १९६०मध्ये चालू झाला. नाव टिफ्रॅक. त्याच्या बाबतीत मदत क्रमांकाचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी तारा जोडल्या तीच माणसं त्याच इमारतीत बसत. बिघडलं तर दार वाजवायचं. बाकी मोठ्या कचेऱ्यांत जी यंत्रं आली ती बहुतेक आयबीएमची, तीही बरीचशी भाड्याची. यंत्र त्यांचं, सुटे भाग त्यांचे, दुरुस्त करणारा माणूसही त्यांचा. मग विदेशी चलन नियमन कायदा, १९७३ आला. परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा असा आग्रह सुरू झाला. १९७७ला जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि १९७८मध्ये आयबीएमनं गाशा गुंडाळला. कोका-कोलाही गेलं. लोकांच्या आठवणीत कोकाकोलाच राहिलं, कारण संगणक कुणी पाहिला होता?

पण ज्यांच्या कचेरीत ती यंत्रं उभी होती त्यांचं काय? वैद्यच गाव सोडून गेला. सरकारनं आधीच म्हणजे १९७५मध्ये एक कंपनी काढून ठेवली होती, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, पुढे नुसतं सीएमसी. आयबीएमची मागे राहिलेली यंत्रं सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. हा मला आपल्या संगणक-इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित धडा वाटतो. इतर देशांत आधी संगणक बनवणारी कंपनी होते, मग तिचा दुरुस्ती विभाग. आपल्याकडे सरकारनं थेट दुरुस्तीचीच कंपनी उभी केली. दुसऱ्यानं बनवलेलं, दुसऱ्यानं सोडून दिलेलं यंत्र उघडून आत काय आहे ते समजून घ्यायचं, हेच त्या इंजिनिअरांचं शिक्षण. त्याच सीएमसीनं पुढे रेल्वेचं संगणकीय आरक्षण उभं केलं. १९८५-८६मध्ये ते दिल्लीत सुरू झालं आणि मग मुंबईसारख्या शहरांत आलं. मुरुडला रेल्वे नाही. पण मुंबईच्या खिडकीवर रात्रभर रांग लावणाऱ्या आमच्या चाचांना छापील तिकीट हातात मिळालं, तेव्हा ते चार दिवस खिशात घेऊन लोकांना दाखवत फिरत होते.

आमच्या शाळेत संगणक आले ते २००२च्या आसपास. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं होतं, एमएस-सीआयटीची लाट होती, आणि नोकरदारांना ती परीक्षा पास होणं भाग पडत होतं. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असा नियम होता. मशिदीनंतर चपला काढून आत जायची माझी ती दुसरी जागा. आतलं वातावरणही तसंच, कुणी मोठ्यानं बोलत नसे. धूळ जाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. पण आमच्या एका सहकाऱ्याची ठाम समजूत होती की व्हायरस चपलेतून येतो, आणि ते पायही धुऊन यायचे.

तरी यंत्रं बिघडायचीच. मग अलिबागहून एसटीनं एक मुलगा यायचा. तो पडद्यासमोर बसायचाच नाही. खोका उघडायचा, मेमरीची पट्टी उपटायचा, आणि माझ्याच टेबलावरचं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी दातांवर घासायचा. पट्टी परत बसवली की यंत्र चालू. मला ती हातचलाखी वाटायची. खरं कारण समुद्राचं होतं. खाऱ्या दमट हवेनं त्या बारीक जोडांवर थर चढतो, संपर्क तुटतो, रबरानं तो थर निघतो. किनाऱ्यावरच्या संगणकाचं हे खास दुखणं; पुण्याच्या माणसानं लिहिलेल्या पुस्तिकेत ते कुठून असणार? एकदा त्या खोक्यात पाल निघाली. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क दोन या यंत्रात एक पतंग सापडला होता. तो त्यांनी नोंदवहीत चिकटवला, आणि ते पान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आमची पाल शिपायानं झाडूनं बाहेर काढली.

'बंद करून चालू करा' या सल्ल्याची आपण टिंगल करतो, पण तो अगदीच खोटा नाही. चालता चालता यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात नको त्या गोष्टी साठतात, एकमेकींत अडकतात. वीज गेली की ते स्मरण पुसलं जातं आणि यंत्र पहिल्यापासून सुरुवात करतं. बिघाड त्या तात्पुरत्या स्मरणात असेल तोवर हा उपाय चालतो. बिघाड कायमच्या नोंदीत असेल तर कितीही वेळा बंद-चालू करा, तीच चूक नव्यानं उजळून समोर येते. अब्बांचं नाव कायमच्या नोंदीत बिघडलेलं होतं.

ते तिथे कसं बिघडलं, याचा इतिहास जरा लांबचा आहे.

संगणक इंग्रजीत जन्मला. त्याला देवनागरी शिकवायचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं. तिथून मोहन तांबे आणि मंडळींचं 'जिस्ट' हे तंत्र पुण्यात आलं, १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये. संगणकात एक जादा कार्ड खोचायचं की पडद्यावर मराठी दिसायचं. १९८६मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक ठरला, १९९१मध्ये इस्की हे प्रमाण आलं. म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या आकड्यानं साठवायचं हे देशानं कागदावर ठरवलं होतं. पण बाजारात प्रत्येकानं आपापली चूल मांडली. श्रीलिपी वेगळी, आकृती वेगळी, कृतिदेव वेगळा. एकानं ज्या आकड्यावर 'क' ठेवला तिथे दुसऱ्यानं मात्रा ठेवली. एका कचेरीतली फाइल दुसऱ्या कचेरीत उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टक्क्याची खूण असला सडा पडायचा. त्या काळी आमच्याकडे 'फाइलबरोबर फॉन्ट पण पाठवा' हे वाक्य पत्रातल्या 'कळावे, लोभ असावा'च्या जागी आलं होतं.

उर्दूचंही तेच. कातिब हातानं लिहीत आणि वृत्तपत्र शिळाछापावर निघे. नस्तालिक लिपी मोकळ्या अक्षरांत बसतच नाही. अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर उतरतात. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपबरोबर हजारो जोड हातानं लिहून काढले आणि १९८१मध्ये लाहोरचं 'जंग' त्या नूरी नस्तालिकमध्ये निघालं. १९९४मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज आलं आणि मुंबईच्या छापखान्यांतले कातिब हळूहळू दिसेनासे झाले. पण इनपेजमधला मजकूर दुसरीकडे नेला की संपलं. माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेत वरची बिस्मिल्लाह सुट्या सुट्या अक्षरांत, तीही डावीकडून उजवीकडे छापून आली होती. छापखान्यात तक्रार केली तर उत्तर मिळालं, "आमच्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसतं." हे वाक्य संगणकाच्या इतिहासात जगभर किती वेळा बोललं गेलं असेल! काझीसाहेबांनी ती पत्रिका उलटी धरून, मग उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "नियत साफ आहे, चालेल."

ही भांडणं मिटवायला युनिकोड आलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, पण साध्या माणसाच्या संगणकात देवनागरी पोहोचली ती विंडोज २०००पासून. त्यातला 'मंगल' हा फॉन्ट घडवला र. कृ. जोशी यांनी. अक्षरांचा असा नाद असलेला माणूस मराठीत दुसरा विरळाच. २००८मध्ये ते गेले. इतकी वर्षं आपण रोज त्यांचं हस्ताक्षर वाचलं आणि त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मराठीची एक वेगळी अडचण हिंदीवाल्यांना उमगतच नव्हती. 'दर्या'तला र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि 'दऱ्या'तला र पापणीसारखा आडवा पडतो. समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांतला फरक त्या एका पापणीत. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना तो फरक महत्त्वाचा, पण किती तरी वर्षं पडद्यावर सगळ्या दऱ्यांचा दर्याच व्हायचा.

तर या सगळ्या गोंधळातून लाखो नावं एका लिपिव्यवस्थेतून दुसरीत नेली गेली. काही माणसांनी बसून टाइप केली, काही यंत्रानं बदलली. आणि यंत्राला देवनागरीतलं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून बनवायला सांगितलं की दाऊदचा डाऊड होतो. इंग्रजीत द आणि ड यांना एकच अक्षर. महादेवचा महाडेव होताना माणूस लगेच हसतो आणि दुरुस्त करतो, कारण ते नाव त्याच्या कानात बसलेलं असतं. आमची नावं टाइप करणाऱ्याच्या कानात बसलेली असतातच असं नाही. त्याला वाटतं, असेल बुवा तसंच. यात दुष्टावा नसतो, हे मी अनुभवानं सांगतो. एकट्या पैगंबरांच्या नावाचं मराठीत महंमद, महम्मद, मोहम्मद, मुहम्मद आणि नुसतं 'मो.' असं सगळं चालतं. आम्हीच एका घरात तीन प्रकारे लिहितो.

दाऊद हे नावही एका पैगंबराचं. पण त्या नावाचा एक माणूस कोकणातल्याच मुळाचा निघाला, आणि तेव्हापासून कुठल्याही खिडकीवर अब्बांचं नाव सांगितलं की पलीकडे एक हसू उमटतं. अब्बा स्वतः ते हसू फार सहज घ्यायचे. "मी त्याच्या आधीचा," म्हणायचे. मला मात्र ते कधी जमलं नाही.

पण सगळा दोष संगणकाच्या माथी मारणं इतिहासाला धरून होणार नाही. आजोबांचं खरेदीखत मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही; एकच इकार, एकच उकार. तो कागद लिहिणाऱ्या कारकुनानं दाऊद की दाउद हा निर्णय घेतलाच नव्हता. १९५०च्या सुमारास मोडी मागे पडली आणि बालबोधीत नक्कल करताना कुणीतरी तो पहिल्यांदा घेतला. नंतरच्या प्रत्येक नकलेला नवा माणूस, त्याचा नवा निर्णय. हस्तलिखित सातबारा संगणकात गेल्यावर २०१७च्या सुमारास गावोगावी चावडी वाचन झालं. नोंदी मोठ्यानं वाचायच्या आणि लोकांनी चुका सांगायच्या. मी हजर होतो. तलाठ्यानं वाचलं, 'दाऊद हुसेन'. मी म्हणालो, बरोबर. कानाला दाउद आणि दाऊद सारखेच! चूक डोळ्याची होती आणि तपासणी कानानं झाली.

गंमत म्हणजे आजोबांच्या त्या कागदावर गावाच्या पुढे 'संस्थान जंजिरा' आहे. सिद्दींचं संस्थान १९४८मध्ये विलीन झालं, तेव्हाच्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' आलं. १९८१पासून 'जिल्हा रायगड'. जागेचा धनी दोनदा बदलला, जिल्ह्याचं नाव बदललं, आणि कुणी प्रतिज्ञापत्र मागत नाही की ही सर्व ठिकाणं एकच आहेत. अब्बांच्या एका उकारासाठी मात्र मागतात.

होल्डवरची धून थांबली. ती मुलगी परत आली आणि तिनं मला तक्रार क्रमांक दिला, तेरा आकडी. मी तो काडीनं मातीत लिहिला, कारण कागद जवळ नव्हता. मग नातवाला हाक मारून फोटो काढायला लावला. "सर, सात दिवसांत निराकरण होईल. नाही झालं तर पुन्हा तक्रार करा." त्यावर मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं.

तक्रार हा शब्द अरबी. मूळ अर्थ गाऱ्हाणं नव्हेच. मूळ अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा पुन्हा करणं. मराठीत येताना त्याचा अर्थ बदलला असं कोशात सांगतात. मदत क्रमांकावर दोन महिने काढल्यावर माझं मत असं झालंय की तो बदललेला नाही.

खिडकीवर आपण जे जे बोलतो ते जवळजवळ सगळं असंच आलेलं आहे. अर्ज अरबी, नक्कल अरबी, वारस, दाखला, मालक, तारीख, मदत अरबी. दुरुस्ती फारसी, कारकून फारसी. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले कित्येक पर्याय टिकले, पण अर्ज काही हटला नाही. माधव ज्यूलियनांनी १९२५मध्ये फार्सी-मराठी कोश केला, तो चाळताना मला नेहमी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभं असल्यासारखं वाटतं. लोक मला कधी कधी विचारतात, तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं बोलता? मी म्हणतो, तुम्ही अर्ज करता तेव्हा आमच्यासारखंच बोलता.

जुन्या दरबारांत अर्जबेगी नावाचा एक हुद्दा असे. राजापर्यंत लोकांचे अर्ज पोहोचवायचे, ते त्याच्यापुढे मांडायचे, हे त्याचं काम. आम्हा कोकणी मुसलमानांत हुद्द्यांचीच आडनावं किती तरी आहेत. मुकादम, खतीब, काझी, सरखोत, फकीह. प्रत्येक आडनावात एकेकाळची एक कचेरी बसलेली. त्या अर्जबेगीचे सगळेच दिवस काही सोन्याचे नसणार. चिरीमिरी असेल, ताटकळणं असेल, मर्जी असेल. तरी एक गोष्ट होती. तो उभा असे ती जागा माहीत असे, आणि अर्ज अडला तर कुणाच्या हातात अडला हे सांगता येई. आज मी केंद्रातल्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "सर, सिस्टिम घेत नाही." हा माझाच विद्यार्थी, नववीत इतिहासात काठावर पास झालेला. कचेरीत विचारलं तर, "आमच्याकडून पुढे गेलंय, सर्व्हर डाऊन आहे." मदत क्रमांकावर, "संबंधित विभागाला कळवलंय." कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणारा भेटला तर निदान त्याच्याशी भांडता येतं.

माझा एक भाचा काही वर्षं नवी मुंबईत कॉल सेंटरला होता. रात्रपाळी, समोर अमेरिकेतली गिऱ्हाइकं. तिथे त्याचं नाव सॅम. त्याला मी चिडून ही कहाणी सांगितली तर तो त्या मुलीच्याच बाजूनं बोलला. "मामू, तिच्यासमोर घड्याळ असतं. एक कॉल किती मिनिटांत संपला त्यावर तिचा पगार ठरतो. तुमचा सातबारा तिनं पाहिलेलाही नसतो, तिला फक्त तुम्ही भरलेल्या रकान्यांचा रंग दिसतो. लाल असेल तर हे वाक्य, पिवळा असेल तर ते वाक्य." मग म्हणाला, "माझ्यावर ओरडणाऱ्यांना माझं खरं नावही ठाऊक नसायचं. एका अर्थी बरंच होतं, शिव्या सॅमला पडायच्या." मी त्याला विचारलं, तू कधी एखाद्याचं काम वाक्याबाहेर जाऊन केलंस का? त्यानं बराच वेळ विचार केला. "एक म्हातारी होती ओहायोची. तिला प्रिंटर नको होता, बोलायला कुणीतरी हवं होतं. वीस मिनिटं बोललो. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला."

आमचं काम झालं ते एका माणसामुळे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ जवळच्याच गावात राहतात, त्यांना मोडी येते. वीज आल्यावर मी सगळे कागद पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मोडी खत वाचलं, बोट ठेवून 'दाउद' दाखवलं, दुसऱ्या बोटानं सातबारा, आणि म्हणाले, "मास्तर, ही तांत्रिक अडचण नाहीच. हा लेखनप्रमाद आहे. महसूल संहिता १९६६, कलम १५५. साधा कागदी अर्ज करा, मागे ही नक्कल जोडा आणि नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या." मी पोर्टल, ओटीपी, सर्व्हर असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "ते नंतर. आधी शाईनं."

हातानं लिहिलेला तो अर्ज मी स्वतः नेऊन दिला, पोच घेतली आणि दर सोमवारी जाऊन उभा राहिलो. तक्रार, तिच्या मूळ अर्थानं. पाचव्या की सहाव्या सोमवारी 'दाऊद हुसेन' एकसारखा झाला, त्यानंतर वारस नोंद झाली, अम्मीचं नाव लागलं. तोवर मदत वाटपाची पहिली यादी होऊन गेली होती; आमचं नाव नंतरच्या यादीत आलं. रोपं आम्ही उसन्या पैशांवर त्याआधीच लावली होती, कारण पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि अम्मीचं वय तेव्हा ब्याऐंशी होतं.

सगळं मिटल्यावर काही महिन्यांनी मोबाइलवर संदेश आला. 'प्रिय डाऊड हुसैन, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या प्रतिनिधीच्या सेवेला १ ते ५ गुण द्या.' मी तो अम्मीला वाचून दाखवला. नावाशी आल्यावर ती हसली, मग तिनं चष्मा काढून पदराला पुसला. मी म्हणालो, शून्य द्यायची सोयच नाही.

"पाच दे," ती म्हणाली. "पोरीनं सॉरी म्हटलं होतं ना."

मी पाच दाबलं. उत्तर आलं, तांत्रिक कारणामुळे आपला प्रतिसाद नोंदवता आला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.